मे महिन्यात फळ धरणारं वाण आपल्याच रानात कसं घडवायचं

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे, धारूरच्या बाजूला बालाघाटच्या उतारावर, एका बरड बांधावर सीताफळाची अकरा झाडं ओळीनं उभी होती. पानगळ होऊन सगळ्यांच्या काड्या झालेल्या. पाऊस पडल्यावर सात फुटली, चार गेली. त्या सातांतल्या एकाच झाडानं दिवाळीच्या तोंडावर नेहमीसारखी टोपलीभर फळं दिली. बाकीची सहा नुसती जगली.

बांध तोच, मुरूम तोच, पाऊस तोच, तरी एक झाड वेगळं का वागलं, हे शोधता शोधता मी वाण निवडायला शिकलो. आधी मिरची आणि टोमॅटो, मग भेंडी आणि वाळूक, आणि सोबत हे सीताफळ. काम सावकाशीचं आहे. भाजीपाल्याला चार-पाच वर्षं लागतात, फळझाडाला दहा. पण तीन-चार गुंठे रान, एक वही, एक चिमटा आणि पाणी मोजायची तयारी एवढ्यावर ते सुरू होतं. मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो.

आधी ताण कोणता ते ठरवा

"दुष्काळाला टिकणारं वाण पाहिजे" एवढ्यावर काम सुरू करू नका. मराठवाड्यात जून ते सप्टेंबरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, पण तो पडतो कसा हे आपल्याला ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टात तीन-तीन आठवड्यांचा खंड, कधी परतीचा पाऊस गायब, आणि एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांचं ऊन. हे तीन वेगवेगळे ताण आहेत आणि तिन्हींना एकच वाण सहसा पुरं पडत नाही.

झाडही ताणाला तीन तऱ्हांनी तोंड देतं. काही वाणं लवकर येतात आणि पाणी संपायच्या आत माल देऊन मोकळी होतात. ती ताण चुकवतात. काहींची मुळं खोल जातात, पानं आखडतात, पानावर लव असते. ती ताण टाळतात. आणि काही वाणं पानातलं पाणी घटलं तरी काम चालू ठेवतात, ती खरोखर सोसतात. खरिपातल्या मिरचीला लागवडीनंतर महिनाभरात खंड सापडतो, तिथं मुळाकडे बघा. रब्बीच्या टोमॅटोला विहीर जानेवारीत दगा देते, तिथं लवकर येणं कामाला येतं. उन्हाळी भेंडी-टोमॅटोचा प्रश्न फुलाचा आहे: झाड हिरवंगार उभं असतं आणि फुलं गळतात.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा. माझं होतं: "फेब्रुवारीत लावलेला टोमॅटो, निम्म्या पाण्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात उमललेल्या फुलांना फळ धरेल." पुढचा प्रत्येक निर्णय या वाक्यावर घासून पाहायचा. आकार, रंग, चव, टिकवण हे सगळं त्यानंतर. मात्र चव अगदीच सोडू नका. ताण सोसणारं पण बाजारात कुणी हात न लावणारं फळ घेऊन तुम्ही काय करणार?

उष्णता आणि पाण्याचा ताण वेगळे धरायचे का, असं बरेच जण विचारतात. प्रयोगशाळेत वेगळे करता येतात, आपल्या रानात ते हातात हात घालूनच येतात. पाणी कमी पडलं की पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, घाम थांबावा तसं होतं आणि पान तापतं. त्यामुळे मी दोन्ही एकत्रच तपासतो.

बियाणं गोळा करणं

निवड करायची तर आधी वेगळेपण हातात पाहिजे. सगळी झाडं सारखी असतील तर निवडणार काय? पहिला शोध बांधावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या मडक्यांत घ्या. ज्वारी-तुरीच्या रानात येणारं वाळूक, आपोआप उगवणारं शेंदाड, कुडावर चढवलेला दोडका, काटेरी वांगं, छपरावरचा भोपळा: ही वाणं पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशिवाय निवडली गेली आहेत. वाळूक, शेंदाड आणि बाजारातलं खरबूज ही वनस्पतिशास्त्रानुसार एकाच जातीची भावंडं आहेत आणि त्यांचा आपसात सहज संकर होतो. खरबुजाची गोडी आणि वाळकाचा चिवटपणा एकत्र आणायचा रस्ता आपल्या खळ्याशेजारीच आहे. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेनं वाळकाच्या जातकुळीतून एएचएस-१० आणि एएचएस-८२ ही वाणं अशाच निवडीतून दिली.

बी आणताना पाच गोष्टी तिथंच लिहा: गाव, जमीन (काळी, मध्यम, बरड), पाणी किती वेळा दिलं, पेरणीचा महिना, आणि घरचे त्या वाणाला काय म्हणतात ते. परक्या परागावर अवलंबून असलेल्या पिकांत (भोपळावर्गीय, कांदा) किमान २५-३० झाडांचं बी एकत्र घ्या, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत वाण खुजं पडतं. टोमॅटोसारख्या स्वपरागी पिकात मात्र प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा.

दुसरा स्रोत संशोधन संस्थांचा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का विकास आणि अर्का मेघाली ही टोमॅटोची वाणं कोरडवाहू परिस्थितीसाठी ओळखली जातात. उष्णतेतल्या फळधारणेसाठी तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राची सीएल ५९१५ ही ओळ (म्हणजे निवडून स्थिर केलेला एक वंश) जगभर संकरातला पालक म्हणून वापरली गेली. आपल्या परभणीच्या विद्यापीठाचं उदाहरण तर जवळचंच आहे. १९८५ साली आलेली परभणी क्रांती भेंडी पुसा सावनी आणि एका रानभेंडीच्या संकरातून घडली. केवड्याला म्हणजे पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारा गुण रानातून आला आणि पुन्हा पुन्हा सुधारित भेंडीशी संकर करून खाण्याजोगी शेंग परत मिळवली. पुढं विषाणूनं रूप बदललं आणि ती ताकद ओसरली, हेही त्यातूनच शिकायचं. वाण घडवणं एकदा करून संपत नाही.

ताणाचं वावर

सगळं काम इथं ठरतं, म्हणून यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे.

माझी तीन वर्षं इथंच वाया गेली. निम्म्या पाण्यावर लावलेल्या मिरचीत दरवर्षी सात-आठ झाडं टवटवीत राहायची. मी त्यांचंच बी धरत गेलो. चौथ्या वर्षी भर दुपारी त्यांतल्या एका झाडाखाली खुरपं घातलं, तर वीतभर खाली माती ओली लागली आणि एक गांडूळ निघालं. एप्रिलात, आमच्या मुरमात, गांडूळ! ठिबकच्या नळीचा, म्हणजे लॅटरलचा जोड कणाकणानं पाझरत होता आणि ओल जमिनीखालून पसरत होती. मी दुष्काळ सोसणारी मिरची निवडत नव्हतो, पाझरणाऱ्या जोडाजवळची मिरची निवडत होतो. तिन्ही वर्षांचं बी बाजूला काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून झाड बघण्याआधी पाणी बघतो. रीत साधी आहे. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरखाली पंधरा मिनिटं भांडं ठेवलं तर एक लिटर भरायला पाहिजे. प्रत्येक लॅटरलचा पहिला, मधला आणि शेवटचा ड्रीपर असा तपासा. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आधी फिल्टर, दाब आणि जोड दुरुस्त करा, रोपं नंतर. हंगामात दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचं, कारण क्षार साचून ड्रीपर बुजतात.

मांडणी अशी. बारा वाणं किंवा ओळी घेतल्या, प्रत्येकीची दहा झाडं, आणि हा संच तीन वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी. ही ३६० झाडं झाली. असाच दुसरा संच पूर्ण पाण्यावर. टोमॅटो ९० बाय ४५ सेंटिमीटरवर लावला तर ७२० झाडं सुमारे तीन गुंठ्यांत बसतात. कोणतं वाण कुठं लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनानं लावलं की आवडतं वाण नकळत चांगल्या मातीत जातं. बारांतली दोन ओळखीची ठेवा: एक गावात सर्रास लावतात ते, आणि एक जुनं गावरान. चारी बाजूंनी दोन-दोन ओळी जादा लावा आणि त्यांचं मोजमाप घेऊ नका. कडेच्या झाडाला हवा, ऊन, ओल सगळंच जास्त मिळतं.

रोपं रुजेपर्यंत, म्हणजे पहिले तीन आठवडे, दोन्ही संचांना सारखंच पाणी. मग ताणाच्या संचाचा वेगळा व्हॉल्व्ह अर्धा वेळ चालवा. पूर्ण संचाला एक तास तर याला अर्धा तास. ताण अचानक द्यायचा नाही आणि मारून टाकण्याइतकाही द्यायचा नाही. सगळंच वाळलं तर निवडीला काही उरत नाही. ताणाच्या संचाचं सरासरी उत्पादन पूर्ण पाण्याच्या निम्म्यापर्यंत उतरलं की वाणावाणांतला फरक नीट दिसतो, असा माझा अनुभव.

उष्णतेसाठी वेगळं काही बांधायची गरज नाही, आपलं आभाळच भट्टी आहे. फक्त लागवडीची तारीख सरकवा, म्हणजे फुलोरा नेमका एप्रिलच्या उत्तरार्धात येईल.

काय मोजायचं

हिरवेपणावर भाळू नका. उन्हाळ्यात सर्वांत गडद हिरवं दिसणारं टोमॅटोचं झाड बहुधा फळं न धरलेलं असतं, त्याची सारी ताकद पानात गेलेली असते. मोजायची पहिली गोष्ट फळधारणा. प्रत्येक झाडावरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घोसाला रंगीत लोकर बांधा. उमललेली फुलं मोजा आणि पंधरा दिवसांनी धरलेली फळं मोजा. तीन घोसांत मिळून अठरा फुलं आणि नऊ फळं म्हणजे पन्नास टक्के. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २१-२२ च्या वर राहिलं की साध्या टोमॅटोची धारणा कोसळते. आपल्याकडे मेमध्ये बऱ्याच रात्री ते २५ च्या खाली उतरत नाही. त्या दिवसांत जे झाड तीसेक टक्के धरतं त्याला खूण करा.

इथं एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. परागकण फूल उमलायच्या सात ते पंधरा दिवस आधी, कळीच्या आत घडत असतात, आणि ऊन त्यांना त्याच वेळी सर्वांत जास्त मारतं. म्हणून फूलगळ झाली त्या दिवसाचं तापमान बघून उपयोग नाही, मागच्या पंधरवड्याचं बघा. रोजचं कमाल-किमान तापमान वहीत असेल तरच हा हिशेब लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी साधा तापमापक घेऊ नका, कमाल-किमान दोन्ही नोंदवणारा घ्या आणि सावलीत टांगा. फुलं हाताळताना भिंगातून कुक्षीही, म्हणजे पराग झेलणारं मधल्या काडीचं टोकही बघा. उष्णतेनं काही वाणांत ती पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावते आणि परागकण चांगले असूनही तिच्यावर पडत नाहीत. अशी झाडं बाद.

परागकण स्वतः तपासायचे तर सूक्ष्मदर्शक आणि अ‍ॅसिटोकार्मिन हे रंगद्रव्य लागतं. गोल, टम्म, लाल दिसतो तो कण जिवंत, आणि सुरकुतलेला, फिका तो मेलेला. दोनशे कण मोजा. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर एका सकाळी दहा झाडांचं काम होतं.

दुसरी मोजणी पानाच्या तापमानाची. हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, निरभ्र दिवशी, सूर्य पाठीशी ठेवून, वरच्या पूर्ण वाढलेल्या पानावर रोखा. ताणाच्या वावरात शेजारच्यापेक्षा दोन-तीन अंश थंड राहिलेलं पान म्हणजे त्या झाडाच्या मुळांना खाली कुठंतरी पाणी सापडलंय. आणि हो, असं झाड सापडलं की आधी जोड पाझरतोय का ते बघा.

तिसरी मोजणी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते. पानातलं सापेक्ष पाणी. सोनाराकडं असतो तसा शतांश ग्रॅमचा छोटा काटा घ्या. दुपारी तोडलेलं पान लगेच तोला, मग चार तास पाण्यात बुडवून, टिपून पुन्हा तोला, आणि मग कडक वाळवून तिसऱ्यांदा. ताज्या वजनातून वाळलेलं वजा करा, त्याला फुगलेल्या-वाळलेल्यातल्या फरकानं भागा आणि शंभरनं गुणा. समजा ताजं २.० ग्रॅम, फुगलेलं २.४ आणि वाळलेलं ०.४. म्हणजे १.६ भागिले २.०, उत्तर ८० टक्के. तोडल्यापासून तोलेपर्यंत पान झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर वाटेतच पाणी उडतं आणि आकडा खोटा येतो.

मुळं हंगामाच्या शेवटी. प्रत्येक वाणाची तीन-चार झाडं पहारीनं खणून, धुऊन, एक फुटाखाली गेलेली मुळं मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण मिरचीत याच मोजणीनं माझी निम्मी वाणं गाळली.

शेवटी वजन. इथं गुणोत्तरानं फसू नका. समजा एक वाण पूर्ण पाण्यावर १० किलो आणि ताणात ६ किलो देतं, दुसरं ४ किलो आणि ताणात ३.२. दुसऱ्याची घट कमी आहे म्हणून ते जास्त चिवट ठरतं खरं, पण दुष्काळी वर्षात घरात ६ किलो येतात की ३.२, हे बघा.

झाड निवडताना

वावराचे मनानं चौकोन पाडा, समजा वीस-वीस झाडांचे, आणि प्रत्येक चौकोनातली सर्वांत चांगली दोन झाडं घ्या. साऱ्या वावरातली सर्वांत चांगली चाळीस उचलली तर ती बहुतेक चांगल्या मातीच्या तुकड्यातलीच निघतात.

एका झाडावर विश्वास ठेवू नका, त्याच्या लेकरांवर ठेवा. ताणाखालचं उत्पन्न माती, ओल, सावली अशा शंभर गोष्टींनी हलतं. निवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून पुढच्या हंगामात त्याची स्वतंत्र ओळ लावा. जी ओळ तिन्ही ठिकाणी चांगली वागली तीच खरी, बाकी योगायोग. गावरान वाणातून अशी तीन-चार हंगाम निवड केली तर संकराच्या भानगडीत न पडताही चांगलं वाण हाती येऊ शकतं. नव्या माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

संकर

एकात चिवटपणा आणि दुसऱ्यात माल असेल तर मग संकर. संकर थंडीत करा आणि निवड उन्हाळ्यात. नोव्हेंबर ते जानेवारीत फळधारणा चांगली असते, केलेला संकर वाया जात नाही.

टोमॅटोत उद्या उमलणारी कळी ओळखा. पाकळ्या फिक्या पिवळ्या, टोकाशी जरा सैल, पण उघडलेल्या नसतात. संध्याकाळी चारनंतर बारीक चिमट्यानं पुंकेसरांची पिवळी नळी एका बाजूनं चिरून अलगद ओढून काढा. मधली हिरवी काडी आणि तिच्या टोकाची कुक्षी, यांना धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान नर वाणाच्या ताज्या फुलाची नळी मोबाइलच्या काळ्या काचेवर टिचकी मारून झटका, पिवळसर पूड दिसेल, ती कुक्षीवर टेकवा. घोसातली बाकीची फुलं खुडा, दोरा बांधा आणि टॅगवर मादी, नर आणि तारीख पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई उन्हानं उडते.

भेंडीत कळी दुपारी तीन ते पाचमध्ये सोलायची. बुडाशी नखानं गोल चीर देऊन पाकळ्यांची टोपी काढा, खांबावरचे पुंकेसर खरवडा आणि बटर पेपरची पिशवी चढवा. सकाळी परागीकरण करून पिशवी पुन्हा घाला, ती तीन दिवसांनी काढा. वाळूक-खरबुजात आदल्या संध्याकाळी उद्याची नर आणि मादी दोन्ही फुलं दोऱ्यानं किंवा क्लिपनं मिटवून ठेवा, म्हणजे मधमाशी आधी पोचत नाही. खरबुजाच्या फळधारी फुलात बरेचदा पुंकेसरही असतात. कळी उघडून पाहा आणि असले तर त्याच वेळी काढा.

पहिली पिढी, एफ-१, सगळी सारखी दिसेल. तिच्यावर खूश होऊन थांबू नका. तिचं स्वपरागीकरण होऊ द्या आणि दुसरी पिढी किमान २०० झाडांची लावा. आकडा उगाच नाही. तुम्हाला हवे असलेले तीन गुण तीन स्वतंत्र अप्रभावी जनुकांवर असतील तर ते एकत्र यायची शक्यता ६४ झाडांत एक. दोनशेत अशी तीन झाडं मिळतील, पन्नासात कदाचित एकही नाही.

पुढं दर पिढीत मिश्रता, म्हणजे आई-बापांकडून वेगवेगळी आलेली जनुकं एकाच झाडात राहण्याचं प्रमाण, निम्मी होत जाते: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत तीनच्या आसपास. सहाव्या-सातव्या पिढीला ओळ स्थिर झाली असं समजा. वर्षात दोन हंगाम घेतले तर हे साडेतीन-चार वर्षांचं काम. दुसऱ्या पिढीत ताण सौम्य ठेवा आणि फक्त फळधारणा बघा, चौथीपासून पूर्ण ताण द्या. रानटी पालक वापरला असेल तर एफ-१ चा सुधारित वाणाशी पुन्हा संकर करा, दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी लेकरं ताणात तपासून मगच पुढं जा. नाहीतर फळ सुधारतं आणि ज्यासाठी खटाटोप केला तो गुणच निसटतो.

फळझाडांची गोष्ट वेगळी

आंबा, सीताफळ, चिंच यांत पिढ्या मोजायला आयुष्य पुरत नाही. पण एक मोठी सोय आहे: चांगलं झाड सापडलं की त्याचं कलम करता येतं. संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राचं प्रतिष्ठान चिंच हे वाण आणि अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचं धारूर-६ ही निवडीतून आलेली वाणं आहेत. आपणही तेच करायचं. दुष्काळी वर्षाच्या शेवटी शिवारात फिरा. टिकलेलं आणि फळ दिलेलं झाड दिसलं की नाल्याची कड, विहिरीचा पाझर, गोठ्याचं सांडपाणी यांपैकी काही जवळ आहे का ते पाहा. नसेल तर मालकाला विचारून खूण करा आणि तीन वर्षं नोंद ठेवा. मग काड्या आणून किमान दहा-बारा कलमं, सोबत एका ओळखीच्या वाणाची तेवढीच, एकाच वावरात आलटून-पालटून लावा.

सीताफळात मी मे-जूनची फुलं बघतो. कोरड्या हवेत कुक्षी सुकते, म्हणून सुरुवातीची फुलं बहुतेक गळतात आणि खरी धारणा हवेत दमटपणा आल्यावर होते. पावसाआधीच्या फुलांना फळ धरणारं झाड दिसलं तर ते सोडू नका.

कलम म्हटलं की अर्धं झाड खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम भरतो त्या खालच्या मुळाकडच्या रोपाचं असतं. मोसंबीत रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याच्या ताणाला जंभेरी लिंबाच्या खुंटापेक्षा सरस मानतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या तेव्हा खुंट, जमीन आणि विहीर तिन्हींचा हिशेब लागला. रंगपूरच्या एका बीतून बरेचदा एकाहून जास्त रोपं निघतात आणि बहुतेक आईसारखीच असतात, पण काही वेगळी येतात. वाफ्यातली फार उंच आणि फार खुजी रोपं उपटून टाका, मगच बाकीच्यांवर मोसंबीचे डोळे भरा. द्राक्षात डॉगरिज खुंटानं महाराष्ट्रात हेच काम केलं.

केसर आंब्याला माझा आग्रह जागेवर कलमाचा. खड्ड्यातच रायवळच्या दोन-तीन कोया लावा, त्यांतलं जोमदार रोप ठेवा आणि ते पेन्सिलीएवढं जाड झालं की तिथंच केसरची काडी भरा. पिशवीतल्या कलमाचं सोटमूळ वेटोळं घेतं. जागेवरचं मूळ सरळ मुरमात घुसतं आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात फरक लांबून दिसतो. कोया घेतानाही दुष्काळात टिकलेल्या रायवळच्याच घ्या.

बी राखणं आणि नाव नोंदवणं

वाण हाती आलं की ते भेसळीपासून जपा. टोमॅटोला २५-५० मीटरचं अंतर पुरतं, भेंडी-मिरचीला २०० ते ४०० मीटर, भोपळावर्गीय आणि कांद्याला ५०० मीटर ते एक किलोमीटर. एवढं रान नसेल तर शेजाऱ्याशी बोलून पेरणीच्या तारखा मागंपुढं करा, किंवा मोजक्या झाडांवर मच्छरदाणीच्या कापडाचा मांडव घाला. भोपळावर्गीय पिकात मांडवाखाली परागीकरण हातानं करावं लागेल. बी सावलीत, मग कोवळ्या उन्हात वाळवून हवाबंद बरणीत ठेवा. कांद्याचं बी वर्षाच्या पुढं भरवशाचं राहत नाही, टोमॅटोचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं.

आपल्या एका वावरावर वाण जाहीर करू नका. काळ्या जमिनीत, मध्यम जमिनीत आणि बरडावर, तीन गावांत, किमान दोन वर्षं लावून बघा. खरपुडी, तुळजापूर, सगरोळी इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत किंवा परभणीला विद्यापीठात वही घेऊन गेलात तर ऐकून घेतात. नोंदी असतील तर जास्त मनापासून ऐकतात.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देण्या-घेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. नोंदणीकृत वाणाचं बी मात्र त्याच्या ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. नोंदणीकृत वाण संकरात पालक म्हणून वापरायलाही कायद्याची आडकाठी नाही. पण व्यापारी बियाण्यासाठी दरवेळी त्याच पालकाचा संकर करायचा असेल तर परवानगी लागते. आपलं वाण शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवता येतं. ते इतरांपेक्षा वेगळं, आपसात एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असलं पाहिजे. भाजीपाल्याला संरक्षण १५ वर्षं, झाडांना आणि वेलींना १८.

त्या बांधावरच्या सीताफळाची बारा कलमं मी धारूर-६ च्या बारा कलमांसोबत बरडावर लावली आहेत. तीन मेली, दोन्हीकडची धरून. पूर्ण पाण्यावरच्या ओळीत धारूर-६ पुढं आहे, फळ मोठं आणि गराचं. बिनपाण्याच्या ओळीत बांधावरच्या झाडाची लेकरं आधी फुटतात आणि पावसाच्या आधीची काही फुलं धरून ठेवतात. किती, ते दर आठवड्याला लोकर बांधून मोजतो आहे. पानगळ झाली की नवी फूट यायच्या आत दोन्हींच्या काड्या कापायच्या आहेत, आणि या वेळी खुंटाची रोपं त्याच झाडाच्या बियांपासून केलेली आहेत.